फ्लेमिंगो आणि १४४ रुपये

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास मी कवडीपाटच्या बंधाऱ्यावर उभी होते आणि समोर फेसात एक फ्लेमिंगो उभा होता.

कवडीपाट माहीत नसेल तर थोडं सांगते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर, मांजरी फाटा करत लोणी काळभोरच्या अलीकडे हे गाव येतं. हायवे सोडून डावीकडे आत गेलं की मुळा-मुठा लागते. नदीवर एक जुना, बुटका बंधारा आहे. पुणं ओलांडताना नदी जे काही सोबत घेते ते इथे येऊन अडकतं. थर्माकोल, चपला, दुधाच्या पिशव्या, निर्माल्याची गाठोडी. एकदा मी सोफ्याची अख्खी गादी पाहिली होती आणि तिच्यावर ऐटीत बसलेला वंचक. पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं तिथे फेस होतो. पांढराशुभ्र, साबणाचा, वारा आला की कापसासारखा उडणारा. पहिल्यांदा आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. अर्ध्या तासाने तो रुमाल खिशात गेलेला असतो.

एवढं असूनही पक्षी भरपूर असतात. शेकाटे तर इतके की मोजायचा कंटाळा येतो. काड्यांसारखे लांब गुलाबी पाय, काळे पंख आणि सतत कुणाशी तरी भांडण चालू असल्यासारखा आवाज. शिवाय चक्रवाक, हळदीकुंकू बदकं, धोबी, तुतारी, शराटी, नशीब असेल तर चित्रबलाक. थंडीतल्या रविवारी तिथे माणसं कमी आणि लेन्स जास्त दिसतात. माझी लेन्स सेकंडहँड आहे आणि तिचा ऑटोफोकस मूडवर चालतो, पण आठवडाभर स्क्रीनवर कोड बघितलेल्या डोळ्यांना तेवढंही पुरतं.

त्या दिवशी शेकाट्यांच्या घोळक्यात एक उंच, मळकट राखाडी पक्षी दिसला. राखी बगळा समजून मी त्याला सोडून देणार होते. मग त्याने मान खाली घातली, चोच उलटी करून पाण्यात बुडवली आणि पायांनी चिखल तुडवत जागच्या जागी गोल फिरायला लागला. बगळा असं करत नाही. बगळा दबा धरून थांबतो आणि एकदाच टोचतो. हा तर कुणीतरी वाटण वाटावं तसा एका लयीत पाणी घुसळत होता.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. आमच्या वर्गात तीन रोहित होते, त्यातला एकही गुलाबी नव्हता. हाही नव्हता. हा अजून लहान होता, म्हणजे उडता येतं पण रंग आलेला नाही असा. फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतो. शेवाळातून, बारीक जलजीवांतून जे रंगद्रव्य पोटात जातं ते काही वर्षांत हळूहळू पिसांत उतरतं.

पण तो तिथे आलाच कसा? हा वाहत्या नदीचा पक्षी नाही. त्याला लागतं ते उथळ, सपाट, बहुतेक वेळा खारं पाणी. कच्छच्या रणात तो हजारोंच्या संख्येने चिखलाची घरटी करतो. मुंबईला शिवडीच्या चिखलात आणि ठाण्याच्या खाडीत येतो. आपल्या बाजूला तो दिसतो भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात. ती खरं तर भीमा नदीच, पण १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाने तिचं तिथे तळं केलं आहे. कवडीपाटला, एका महानगराच्या खालच्या अंगाला, फेसाळ वाहत्या पाण्यात एकटाच फ्लेमिंगो मी तरी कधी पाहिला नव्हता. नोंद करताना पक्ष्यांच्या ॲपनेही मला पुन्हा विचारलं, की नक्की का?

नक्की. मी ९३ फोटो काढले. माझे हात थरथरत होते आणि त्याचं कारण थंडी नव्हतं.

घरी येऊन फोटो लॅपटॉपवर टाकले. एक बरा आला होता. मध्यभागी पक्षी, मान अर्धवट वळवलेली, मागून कोवळं ऊन. डाव्या बाजूला फेसाचा ढीग. उजवीकडे दगडाला अडकलेली निळी पिशवी, आणि वरच्या कोपऱ्यात काठावरच्या पाईपमधून पडणारं काळं पाणी. मी क्रॉपचं टूल घेतलं. आधी पिशवी गेली. मग पाईप. फेसाचा ढीग पूर्ण जाईना, म्हणून थोडा ठेवून त्याची चमक कमी केली. तो धुक्यासारखा दिसायला लागला. एकूण चार मिनिटांचं काम. खाली लिहिलं, ‘आपल्या मुळा-मुठेत फ्लेमिंगो!’ आणि इन्स्टाग्रामवर टाकून दिलं.

त्यानंतर त्या फोटोचं जे होतं ते झालं. आईने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. तिथून कुणीतरी पुढे ढकलला. तीन दिवसांनी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उगवला, तोवर माझं नाव गळलं होतं आणि खाली नवा मजकूर आला होता, ‘कोण म्हणतं नदी मेली? ज्यांना फक्त टीका करायची आहे त्यांनी हे बघा!!’ सोबत सहा गुलाबी फुलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतका वेळ टाळत होते.

आम्ही खराडीच्या बाजूला राहतो. ४१२ फ्लॅट, साधारण चौदाशे माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशेब धरला आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं मानलं, तर आमच्या एका सोसायटीतून रोज दीड लाख लिटर घाण पाणी बाहेर पडतं. ते शुद्ध करायला तळघरात एसटीपी आहे. त्याचं तत्त्व अगदी साधं. घाण खाणारे जिवाणू टाकीत पाळायचे आणि त्यांना श्वास घ्यायला हवा द्यायची. हवा देणाऱ्या यंत्राला ब्लोअर म्हणतात. तो चोवीस तास चालायला हवा, कारण जिवाणूंना सुट्टी नसते. ब्लोअर बंद राहिला की हवेवर जगणारे जिवाणू मरायला लागतात, टाकी काळी पडते, वास सुटतो. मग टाकी सांभाळणारा माणूस एक व्हॉल्व्ह फिरवतो आणि पाणी टाकीत न जाता थेट पावसाळी गटारात जातं. गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत.

माझे बाबा सोसायटीचे खजिनदार आहेत. निवृत्त झाल्यापासून हेच त्यांचं ऑफिस. गेल्या वर्षी मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला तेव्हा मोठा आरडाओरडा झाला. निम्म्या घरांत होमलोनचे हप्ते आहेत, दोन घरांत नोकऱ्या गेल्या होत्या. बाबांनी मला विजेची बिलं दिली आणि म्हणाले, कुठे वाचवता येईल बघ. मी बघितलं. असलं काम मला आवडतं. एक्सेलमध्ये सगळी यंत्रं मांडली, आणि पंधरा हॉर्सपॉवरचा ब्लोअर लाल रंगात सगळ्यांत वर आला. तो चोवीसऐवजी चार तास चालवला तर महिन्याला सुमारे ६,६०० युनिट वाचतात. नऊ रुपयांनी ५९,४००. भागिले ४१२. दर फ्लॅटमागे महिन्याला १४४ रुपये.

त्याचा टायमरही मीच बसवला. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. ऑनलाइन मागवला, इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभं राहून सेट केला, आणि ग्रुपवर माझ्यासाठी टाळ्यांचे इमोजी आले. टाकीचं काय होईल हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकते. पण त्यावर मी गूगलसुद्धा केलं नव्हतं, आणि मी दिवसातून चाळीस वेळा गूगल करणारी मुलगी आहे.

तर, फोटो ग्रुपवर फिरला त्या आठवड्यात कमिटीची मीटिंग होती. सी विंगमधले तळमजल्यावरचे काका बोलायला उभे राहिले. त्यांच्या खिडकीखालच्या चेंबरला वास येतो, नाल्यात काळं पाणी जातंय, एसटीपी नीट चालवा, असं ते गेले चार महिने म्हणत होते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काका, नदीचं एवढं वाईट असतं तर फ्लेमिंगो आला असता का? हा फोटो फॉरवर्डेड नाही बरं का, आमच्या हिनेच काढलाय.” सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काका खाली बसले.

मी हसले. मान थोडी तिरकी करून, कौतुक झाल्यावर हसतात तसं.

त्या रात्रीपासून मी स्वतःशी भांडते आहे. पहिला मुद्दा अर्थातच फोटोचा. मी खोटं बोलले का? त्यातला प्रत्येक पिक्सेल खरा होता. पक्षी खरा, नदी खरी, तारीख खरी. क्रॉप तर सगळेच करतात; लग्नाच्या फोटोत कुणी कचऱ्याचा डबा ठेवत नाही. माझा वकील असता तर त्याने मला सोडवलं असतं. पण कामाच्या ठिकाणी मला हे चांगलं ओळखता येतं. दोनशे टेस्ट असतात, त्यातल्या १९९ लाल होतात, एक हिरवी होते, आणि कुणी त्या एका हिरव्या टेस्टचा स्क्रीनशॉट मॅनेजरला पाठवला तर आम्ही त्याला काय म्हणतो? स्क्रीनशॉटही खराच असतो. बघणाऱ्याच्या मनात ‘बाकीचंही असंच असेल’ हे जे भरतं, ते आपण जाणूनबुजून भरू दिलं, आणि भरल्यावर गप्प राहिलो. पोस्ट टाकताना मी फार तर हौशी होते. मीटिंगमध्ये हसले तेव्हा नव्हते.

दुसरा मुद्दा अवघड आहे आणि तो बाबांनीच काढला. मीटिंगनंतर घरी मी त्यांना म्हटलं की बाबा, पक्षी आला म्हणजे पाणी चांगलं असं होत नाही. ते म्हणाले, “बरं, मग पाणी वाईट असूनही पक्षी मजेत आहे ना? तक्रार तर त्याची नाहीये.”

त्यांना ठाऊक नव्हतं, पण या म्हणण्याला चांगलाच आधार आहे. सांडपाण्यात नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो, म्हणजे पाण्यासाठी ते खतच. त्याने शेवाळ माजतं. चिखलात लाल अळ्या होतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि त्यामुळे जिथे ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो तिथेही त्या तग धरतात. अशा अळ्यांवर शेकाटे पोसतात. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो वाढले त्यामागेही शहराच्या सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ हे एक कारण अभ्यासक सांगतात. त्याच खाडीतल्या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं गेलं आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. म्हणजे आपली घाण कुणाचं तरी अन्न होते, हे खरं आहे. कवडीपाटचा तो पोरगेला रोहित उलट्या चोचीतून जे गाळून घेत होता त्यात आमच्या ४१२ संडासांचा वाटा असणार, हेही खरं आहे. त्याची जीभ पंपासारखी पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते, चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यात खाणं अडकतं. तळघरात मी बंद पाडलेलं गाळण्याचं काम तो तिथे पोटासाठी करत होता. त्यावर विनोद करायचा की रडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बाबांचं काय चुकलं? मला बराच वेळ उत्तर सापडलं नाही. ते सापडलं फोटोंच्या फोल्डरमध्ये. कवडीपाटचे माझे चार वर्षांचे फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत जे आहे ते आहेच. जे नाही त्याचा फोटो निघत नाही. या पाण्यात ज्यांना जगता येत नाही ते मासे, त्या माशांवर जगणारे पक्षी, ज्यांच्या घरात कधीकाळी जाळी होती ती माणसं, यातलं कुणीच माझ्या फ्रेममध्ये येऊ शकत नाही, मी कितीही मोठी लेन्स घेतली तरी. सांडपाणी काही जातींना भरभरून देतं आणि बाकीच्यांना हाकलून देतं. हाकलले गेलेले तक्रार करायला उभे राहत नाहीत, कारण ते तिथे नाहीतच. सी विंगमधले काका निदान उभे तरी राहिले होते.

१९९५ मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने एक छोटा लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं असं, की मासेमारीचा अभ्यास करणारी प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळात समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच मूळचे मानते आणि तिथून घट मोजते. पुढची पिढी त्याहून खालच्या आकड्यावरून सुरुवात करते. असं करत करत समुद्र रिकामा होतो तरी कुणाच्याही हिशेबात फार मोठं नुकसान दिसत नाही. माझं कवडीपाटही असंच आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही फेस होता. त्यामुळे माझ्यासाठी फेस हा नदीचाच भाग. फेस नसलेली मुळा-मुठा मला आठवत नाही, कारण ती मी पाहिलेलीच नाही. त्या पाण्यात मी चार वर्षं हौसेने ‘निसर्ग’ बघत होते.

तिसरा मुद्दा १४४ रुपयांचा. आमच्या सोसायटीतला कुणीही माणूस वाईट नाही. यातला एकही जण बादली घेऊन नदीत घाण ओतायला जाणार नाही. कुणी जाताना दिसला तर त्याचा व्हिडिओ काढतील. डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्ववेत्त्याने १९८४ च्या आपल्या पुस्तकात एक भयंकर कल्पना मांडली आहे. हजार छळ करणारे आहेत आणि हजार कैदी. पूर्वी प्रत्येक छळणारा एकेका कैद्याला छळायचा. आता तसं नाही. आता प्रत्येकाने फक्त एक बटण दाबायचं, ज्याने हजारही कैद्यांच्या वेदनेत इतकी किंचित वाढ होते की ती कुणाला जाणवत नाही. हजार जण बटण दाबतात. कैद्यांना पूर्वीइतक्याच वेदना होतात, पण प्रत्येक छळणारा म्हणू शकतो की माझ्यामुळे कुणालाच काही जाणवलं नाही. पार्फिटला यातून दाखवायचं होतं, की मी एकट्याने किती फरक पाडला एवढंच विचारणं चूक आहे; आपण सगळे मिळून काय करतो आहोत, हेही विचारावं लागतं.

आमच्याकडे तर बटणसुद्धा कुणाला दाबावं लागलं नाही. तेवढ्यासाठी मी टायमर बसवला होता.

वाल्मीकीची गोष्ट या संदर्भात मला वेगळीच वाटायला लागली. तीही नदीकाठची, पक्ष्याची. तो तमसेवर स्नानाला जातो, पाणी किती निर्मळ आहे याचं कौतुक करतो आणि मग समोर क्रौंचाची जोडी आणि बाण. त्याला संतापून शाप देता आला कारण समोर एक पारधी होता, एक बाण होता, एक मेलेला पक्षी होता. आमच्या नदीवर शाप द्यायचा तर कुणाला? ४१२ दारांवर पाट्या आहेत. त्यातल्या एका पाटीवर माझंही आडनाव आहे. आणि पक्षी तर मेलेला नाही, चांगला खातो-पितो आहे.

मजेत आहे का तो, याबद्दल मात्र मला शंका होती. फ्लेमिंगो एकट्याने राहणारा पक्षी नाही. खाणं, उडणं, नाचणं, घरटी करणं, सगळं थव्याने. एकटा फ्लेमिंगो दिसला म्हणजे बहुतेक वेळा तो थव्यापासून सुटलेला असतो. भिगवणकडे निघालेल्या कुठल्यातरी थव्यातून हा मागे पडला असेल, रात्री पुण्याच्या दिव्यांच्या वर भरकटला असेल, खाली पाणी चमकलं म्हणून उतरला असेल. हा सगळा माझा अंदाज. पण आम्ही पक्षी बघणारे ज्याला ‘दुर्मीळ नोंद’ म्हणून मिरवतो ती अनेकदा त्या पक्ष्याची चुकामूक असते, हे मी आधीही वाचलं होतं. वाचलं होतं आणि तरी नाचले होते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. तो नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हता. थव्याला जाऊन मिळाला असेल असं मी धरून चालले आहे.

कवडीपाटहून पाणी पुढे कुठे जातं, हे त्या दिवशी बंधाऱ्यावर बसून मी मोबाईलवर नकाशा सरकवत पहिल्यांदा नीट बघितलं. थेऊरवरून पुढे जात रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा उजनीत जाते. म्हणजे भिगवणला होडीत बसून आपण पुणेकर जे गुलाबी थवे बघायला जातो, तेही आपल्याच पाण्यावर उभे असतात. उजनीचं पाणी सोलापूरला पिण्यासाठी जातं. धरणाखाली हीच भीमा पंढरपूरला पोहोचते आणि तिला चंद्रभागा म्हणतात. तिथे आषाढीला लाखो लोक त्या पाण्यात डोकं बुडवतात, ते तोंडात घेतात.

आणि सोलापूरला माझी आत्या राहते. बाबांचं सगळं लहानपण तिथलं. बाबा तिला अक्का म्हणतात, दर रविवारी फोन करतात, आणि फोन ठेवल्यावर दर रविवारी तेच वाक्य बोलतात की अक्काकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, काय हा कारभार. त्या रविवारी त्यांच्याआधी मी फोन केला. पाणी कसं येतं गं आत्या, एवढंच विचारलं.

“येतंय की. उकळून, गाळून घेते. उन्हाळ्यात जरा हिरवट येतं बघ, वासपण मारतो. का गं? तू कधीपासून पाण्याचं विचारायला लागलीस?”

तिच्या घरी पोहोचेपर्यंत ते पाणी धरणात मुरलेलं असतं, शुद्धीकरण केंद्रातून गेलेलं असतं, त्यात आमच्या सोसायटीचा अंश शोधून काढणं कुणाच्या बापाला शक्य नाही. पार्फिटच्या बटणासारखंच. तरी मी तिला उत्तर दिलं नाही. सहजच, म्हटलं.

रात्री बाबांच्या समोर लॅपटॉप ठेवला. आधी न कापलेला फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. पिशवीवर बोट ठेवलं, मग पाईपवर. “हा आपला आहे?” असं विचारलं. नाही, म्हटलं, आपला खूप मागे आहे, हा दुसऱ्या कुणाचा तरी. मग नकाशा दाखवला. खराडीवर बोट ठेवून सोलापूरपर्यंत नेलं. ते काहीच बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “अक्काला सांगितलंस का?”

नाही.

“नको सांगू.”

मग ते खजिनदार झाले. म्हणाले, ब्लोअर सुरू करायचा तर १४४ रुपये परत चढवावे लागतील, शिवाय मेलेली टाकी पुन्हा जिवंत करायचा खर्च, आणि गेल्या वर्षी ज्यांनी आरडाओरडा केला तेच यंदा करतील. तू भरणार आहेस का सगळ्यांचे? मी म्हटलं, नाही. पण टायमर मी बसवला होता, तो मी काढू शकते, आणि एक्सेलमध्ये तेव्हा जी रांग घातली नव्हती ती आता घालू शकते. कुठली रांग, त्यांनी विचारलं. मला लगेच सांगता आलं नाही. वाचलेले पैसे शेवटी कुणाच्या अंगावर जातात याची रांग, पण तिच्यात आकडा काय लिहायचा हे मला कळत नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही. ती मी रिकामीच ठेवली. फक्त वर नाव लिहिलं, ‘खालच्या गावांचं’.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आधी फिरलेला फोटो मीच कापलेला होता, हा पूर्ण आहे, आणि काळ्या पाण्याबद्दल सी विंगचे काका म्हणतात ते बरोबर आहे. टायमरबद्दलही लिहिलं. दोन तास कुणीच काही बोललं नाही. मग एका काकूंनी विचारलं की फ्लेमिंगो अजून आहे का, मुलांना दाखवायला न्यायचं होतं. एकाने लिहिलं, ‘मेंटेनन्स वाढवायचा हा नवा फंडा दिसतोय.’ काकांनी काही लिहिलं नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बघून त्यांनी कवडीपाटला किती वाजता पोहोचावं लागतं ते विचारलं.

निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे, तिथे मतदान होईल, आणि आम्ही बहुतेक हरू. तोवर बाबांनी खजिनदाराच्या अधिकारात ब्लोअर बारा तासांवर आणला आहे. बारा तासांनी टाकी नीट होत नाही हे आता मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. रात्रीचे सहा तास त्यात धरले आहेत, आणि आमचा फ्लॅट बरोबर तळघराच्या झरोक्यावर येतो. आईची झोपमोड होते. कालही रात्री एक वाजता तिने विचारलं की हा आवाज कसला, बंद नाही का करता येत. बाबा कूस बदलून म्हणाले, “असू दे.”